एकच रक्त, दोन आंकडे

घरांतल्या मापट्यानें तेच तांदूळ चार वेळां मोजले, तर उत्तर दर वेळीं अगदीं एक येत नाहीं. पण फरक चिमूटभराचाच असतो. शेजारच्या घरचें मापटें आणून शेजारणीकडून मोजविले, म्हणजे तो वाढतो. तांदुळांच्या बाबतींत कोणतीहि गृहिणी हें हंसून सोडून देईल. परंतु मोजावयाचें तें रक्त असेल तर?

शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील लगतचे डोंगराळ तालुके. ठाकूर, कातकरी यांच्या वाड्या येथें रानांत विखुरलेल्या आहेत. एखाद्या मुलीचें सासर शहापुराकडे, माहेर मुरबाडाकडे, आणि ती बाळंतपणाकरितां माहेरीं आली आहे, असें समजूं. गर्भवतीच्या 100 मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन 11 ग्रॅमहून कमी भरल्यास पांडुरोग मानतात. 7 हून कमी भरल्यास तो तीव्र समजून तिला मोठ्या रुग्णालयांत धाडावें लागतें. सासरीं आंकडा 7.3 आला, माहेरीं 6.7. चार दिवसांत रक्त खरोखर घटलें, कीं केवळ मोजणारा हात बदलला? हें आधीं ठाऊक नसेल, तर डॉक्टरांनीं तरी काय ठरवावें?

फरकाचीं कारणें पुष्कळ. साली यांच्या जुन्या पद्धतींत रक्त आम्लांत मिसळून, त्याचा तपकिरी रंग कांचेच्या नमुन्याशीं जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालावयाचें. तेथें डोळा, उजेड व धीर या तिन्हींचा परिणाम होतो. 2018 सालच्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेनें अंकदर्शक यंत्रांवर भर दिला. तरीहि बोट फार दाबलें तर अंगांतील पाणी रक्तांत मिसळतें, आणि आषाढाच्या दमट हवेंत उघडी राहिलेली पट्टी बिघडूं शकते.

म्हणून परीक्षा करणाऱ्यांचीच परीक्षा घ्यावी लागते. ती अशी: संमति देणाऱ्या कांहीं माणसांच्या शिरेंतून रक्त घ्यावें, न गोठेल अशा नळींत ठेवावें, व हलक्या हातानें मिसळून त्याच्या लहान कुप्या कराव्या. निरोगी रक्तापासून तीव्र पांडुरोगापर्यंत सर्व नमुने असावे. 7 व 11 यांच्या आसपासचे तर अवश्य, कारण निर्णय तेथेंच फिरतो. कुप्यांवर नांव न घालतां खुणेचे क्रमांक घालावे, आणि एकाच रक्ताच्या तीन कुप्या इतरांत मिसळून द्याव्या. पहिला आंकडा आठवला कीं दुसरा त्याच्याकडे झुकतो. हा मनुष्यस्वभाव आहे, लबाडी नव्हे. मग त्याच दिवशीं, थंड पेटींतून, त्याच कुप्या दोन्ही तालुक्यांतील प्रयोगशाळांत पोंचवाव्या. बोट टोचण्यांतील चुका यांत दिसणार नाहींत; त्यांची परीक्षा निराळी घ्यावी.

आतां आंकडे वाचूं. समजा, एकीकडे 9.8, 9.9, 9.8 आले व दुसरीकडे 10.6, 10.5, 10.6. दोघेहि आपापल्या शब्दास पक्के, पण परस्परांशीं मेळ नाहीं. येथें दोष बहुधा मापाचा; यंत्र प्रमाण द्रावणाशीं ताडून पाहावें. उलट एकाच ठिकाणीं 9.1, 10.4, 9.7 आले, तर आधीं हात व रीत सुधारावी. या दोन दोषांचे उपाय भिन्न आहेत, म्हणून ते वेगळे काढावयाचे. शिवाय 9.8 खरें कीं 10.6, हें बहुमतानें ठरत नाहीं. त्यासाठीं सायनमेटहिमोग्लोबिन ही संदर्भपद्धति लागते.

ही शंका नवी नव्हे. 1947 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीकरितां बेल्क व संडरमन यांनीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या अनेक प्रयोगशाळांस तेच नमुने धाडले, आणि हिमोग्लोबिनसह अनेक आंकड्यांत मोठी तफावत निघाली. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं बंगालच्या तागाच्या पाहणींत एकाच प्रदेशाचे स्वतंत्र नमुने घेऊन ते परस्परांशीं ताडण्याची रीत घातली होती.

अशी परीक्षा झाली, म्हणजे आपल्या आंकड्यांत किती इकडेतिकडे होतें, हें प्रयोगशाळेस सांगतां येतें. हें सांगण्यांत तिला कमीपणा मुळींच नाहीं. मग 7.3 व 6.7 यांतील अंतर त्या मर्यादेच्या आंतलें असेल, तर डॉक्टर त्या मुलीस ‘रक्त घटलें’ असें न सांगतां पुन्हां नीट मोजवितील. आणि 7 च्या इतक्या जवळ असतांना तिला केवळ गोळ्या देऊन वाडीवर परत धाडणार नाहींत.