विश्लेषण : क्वांटम संगणक अजून दूर, मग कुलपे बदलण्याची घाई कशासाठी?

मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडले की फोन आणि पलीकडचा सर्व्हर आधी एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मगच त्यांच्यातले बोलणे सुरू होते. ही किल्ली ठरवण्याची पद्धत अलीकडे बदलू लागली आहे. 'सिग्नल' या मेसेजिंग ॲपने २०२३ मध्ये, तर ॲपलने आयमेसेजसाठी आणि गुगलने क्रोमसाठी २०२४ मध्ये नवी पद्धत आणली. अपडेट येऊन गेले, वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही. गंमत अशी, की ज्या यंत्राच्या भीतीने हा बदल झाला ते यंत्र जगात अजून कुठेच तयार झालेले नाही.

वीज उपकेंद्रातला रिले, पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला कंट्रोलर किंवा रेल्वेची सिग्नल यंत्रणा यांचे अपडेट मात्र असे रात्रीतून येत नाही. एकदा बसवलेले उपकरण १५-२० वर्षेही तिथेच राहू शकते. क्वांटम संगणकाने उभी केलेली खरी डोकेदुखी आपल्या फोनमध्ये नाही, ती या लोखंडी कपाटांत आहे.

धोका नेमका कोणत्या कुलपाला?

८३ गुणिले ९७ किती, हे कागदावर मिनिटभरात काढता येते. उत्तर ८०५१. पण नुसते ८०५१ देऊन 'हे कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आले?' असे विचारले तर बराच वेळ जातो. १९७७ मध्ये एमआयटीतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अडचणीवर 'आरएसए' ही पद्धत उभी केली. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या २०४८ बिटच्या आरएसए किल्लीतली संख्या ६१७ अंकी असते. तिचे मूळ दोन अवयव शोधणे आजच्या महासंगणकांच्याही आवाक्यात नाही.

१९९४ मध्ये बेल लॅब्जमधील गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवून दिले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर हे अवयव झटपट शोधता येतील. आरएसएच्या जागी अनेक ठिकाणी वापरली जाणारी 'इलिप्टिक कर्व्ह' पद्धतही त्यापुढे टिकत नाही. ही दोन कुलपे इंटरनेटवर दोन कामे करतात. अनोळखी यंत्रांमध्ये गुप्त किल्ली ठरवणे हे एक, आणि डिजिटल सही हे दुसरे.

समाजमाध्यमांवर फिरते तसे 'सगळे पासवर्ड एका क्षणात उघडे पडतील' हे मात्र खरे नाही. साठवलेली माहिती बंद करण्यासाठी वापरली जाणारी 'एईएस' पद्धत वेगळ्या जातीची आहे. तिथे किल्ली पुरेशी लांब ठेवली की भागते.

असा संगणक कितपत जवळ आहे?

गुगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'विलो' चिपमध्ये १०५ क्युबिट आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातील डीआरडीओची क्वांटम प्रयोगशाळा यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. बेंगळूरुच्या 'क्यूपीआयएआय' या कंपनीने २०२५ मध्ये २५ क्युबिटचा संगणक सादर केला. यांपैकी कोणतेही यंत्र आरएसएचे कुलूप तोडण्याच्या जवळपासही नाही. त्यामुळे एखादी चिप आली की 'आता बँका धोक्यात' अशा मथळ्यांना फारसा अर्थ नसतो.

काळजी करायची तर ती दुसऱ्या आकड्याची. २०४८ बिटची आरएसए किल्ली तोडायला किती क्युबिट लागतील? क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला तेव्हा उत्तर आले होते २ कोटी क्युबिट आणि ८ तास. मे २०२५ मध्ये गुगलमधील गिडनी यांनीच तो सुधारला. नवे उत्तर १० लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. सहा वर्षांत उद्दिष्ट किमान २० पट जवळ आले, तेही कुणी नवे यंत्र बांधले म्हणून नव्हे, तर फक्त आकडेमोड सुधारली म्हणून. कोणत्या वर्षी कुलूप तुटेल हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवता येत नाही. 'लवकर' म्हणणाऱ्यांवरही नाही आणि 'कधीच नाही' म्हणणाऱ्यांवरही नाही.

मग थांबायला काय हरकत आहे?

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे मिकेले मोस्का यांनी यासाठी एक सोपे गणित मांडले आहे. माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी, हा पहिला आकडा. सगळी यंत्रणा नव्या कुलपांवर न्यायला किती वर्षे लागतील, हा दुसरा. या दोन्हींची बेरीज क्वांटम संगणक यायला लागणाऱ्या वर्षांपेक्षा जास्त असेल, तर उशीर झालेला आहे.

कारण बंद पेटी आज चोरून ठेवता येते आणि किल्ली मिळाली की पुढे कधीतरी उघडता येते. यूपीआयचा पिन उद्या बदलता येतो. ओटीपी तर काही मिनिटांत निकामी होतो, तो १० वर्षांनी वाचून कुणाला काय मिळणार? पण बोटांचे ठसे जन्मभर तेच राहतात. एखाद्या रुग्णाच्या आजाराची नोंद, संरक्षण खात्याचा पत्रव्यवहार किंवा धरणाचे आणि वीज जाळ्याचे नकाशे यांचे मोल १० वर्षांनी संपत नाही.

वीज-पाण्याच्या यंत्रणेत वेगळे काय?

इथे मुद्दा गुपित फुटण्याचा कमी आणि सहीचा जास्त आहे. उपकेंद्रातल्या आधुनिक रिलेला किंवा कंट्रोलरला नवे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम पाठवला जातो, तेव्हा ते उपकरण आधी निर्मात्या कंपनीची डिजिटल सही तपासते. सही जुळली तरच बदल स्वीकारते. सही तपासायची किल्ली अनेकदा कारखान्यातच चिपमध्ये कायमची कोरलेली असते. ती कुणाला बदलता येऊ नये, यातच तिची सुरक्षा. पण उद्या आरएसए पडले तर हेच वैशिष्ट्य उलटते. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढणारा कुणीही कंपनीच्या नावाने खोटे फर्मवेअर सही करून पाठवील, आणि उपकरण ते मुकाट्याने घेईल. ते रोखायला किल्ली बदलावी, तर ती बदलता येत नाही. उपकरणच बदलावे लागेल.

हे कल्पनेतले चित्र नाही, याची छोटी आवृत्ती घडून गेली आहे. २०१२ मध्ये पश्चिम आशियात, विशेषतः इराणमध्ये, 'फ्लेम' हे हेरगिरीचे मालवेअर सापडले. ते 'विंडोज अपडेट'चे सोंग घेऊन एका संगणकातून दुसऱ्यात शिरत असे आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी सही असे. ही सही चोरलेली नव्हती. 'एमडी-५' या जुन्या गणिती पद्धतीतल्या दोषाचा फायदा घेऊन ती बनवलेली होती. तो दोष चिनी गणितज्ञ वांग शाओयुन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच जगासमोर मांडला होता. म्हणजे आठ वर्षे सगळ्यांना माहीत होते, आणि तरी एका कोपऱ्यात जुनी पद्धत चालू राहिली होती. अमेरिकेच्या एनएसएने २०२२ मध्ये आपल्या यंत्रणांसाठी क्वांटम-सुरक्षित पद्धतींचे वेळापत्रक काढले, तेव्हा सॉफ्टवेअर आणि फर्मवेअरच्या सह्यांना सर्वांत आधी हात घालायला सांगितले, ते याच कारणाने.

याला आणखी एक, काहीशी लाजिरवाणी बाजू आहे. औद्योगिक यंत्रणांत आजही वापरात असलेले 'मॉडबस'सारखे प्रोटोकॉल मुळात कोणत्याही एन्क्रिप्शनशिवाय बनवले गेले. जिथे कुलूपच नाही तिथे ते तोडायला क्वांटम संगणक कशाला हवा? आजच्या चोऱ्याही बहुतेकदा गणित सोडवून होत नाहीत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते मालवेअर आणि बनावट कार्डांच्या वाटेने.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातील वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. कोणत्या यंत्राला कोणती आज्ञा कुणी दिली, हे आजही इतके वादाचे ठरू शकते. सहीवरचाच भरवसा गेला, तर अशा वादात पुरावा म्हणून काय दाखवणार?

नवी कुलपे कोणती?

अमेरिकेची मानके ठरवणारी संस्था 'निस्ट' हिने २०१६ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानके प्रसिद्ध केली. किल्ली ठरवण्यासाठी 'एमएल-केईएम', सहीसाठी 'एमएल-डीएसए' आणि 'एसएलएच-डीएसए'. ही सगळी साध्या संगणकावर चालतात. त्यांच्यामागचे गणित असे निवडलेले आहे, की क्वांटम संगणकालाही त्यात झटपट वाट सापडलेली नाही.

'सापडलेली नाही' हे शब्द जपून वाचायला हवेत. याच स्पर्धेतला 'साइक' हा प्रस्ताव पुढच्या फेरीपर्यंत पोहोचला होता. २०२२ मध्ये बेल्जियममधील ल्युवेन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी तो साध्या संगणकाच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात तोडला. त्यामुळे क्रोम आणि सिग्नल नवे कुलूप लावताना जुनेही काढत नाहीत. दोन्ही एकावर एक लावतात. निस्टनेही मार्च २०२५ मध्ये 'एचक्यूसी' ही वेगळ्या गणितावरची पद्धत राखीव म्हणून निवडली.

नवी कुलपे जडही आहेत. इलिप्टिक कर्व्हची सही ६४ बाइटमध्ये मावते आणि आरएसएची २५६ बाइटमध्ये. एमएल-डीएसएची सर्वांत छोटी सही २,४२० बाइटची आहे. फोनला हा फरक जाणवतही नाही. पण घाटातल्या एखाद्या पर्जन्यमापकाकडून मंद रेडिओवर माहिती येते तिथे, किंवा १५ वर्षांपूर्वीच्या मोजक्या मेमरीच्या कंट्रोलरमध्ये, एवढी सही बसवायची कुठे, हा रोजच्या कामातला प्रश्न होतो.

डिजिटल सातबाऱ्याचे काय?

महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. जमिनीचा कागद पिढ्यान्‌पिढ्या लागतो, त्यामुळे तो मोस्कांच्या गणितात चपखल बसतो. आजची सहीची पद्धत पुढे पडली तर मागची तारीख टाकून खोटा उतारा सही करणे शक्य होईल. दिलासा एवढाच, की उताऱ्यावरील पडताळणी क्रमांकाने तो मूळ सरकारी नोंदीशी ताडून पाहता येतो. म्हणजे निव्वळ सहीवर सारे अवलंबून नाही. ज्या कागदपत्रांना अशी मूळ नोंद नाही, त्यांच्यावर जुनी सही विश्वासार्ह असतानाच नव्या पद्धतीची सही चढवून ठेवावी लागेल.

भारताची तयारी किती?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. मुदत २०३०-३१ पर्यंत, तरतूद ६,००३.६५ कोटी रुपये. 'एचसीएल'चे सहसंस्थापक अजय चौधरी मिशनच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष आहेत. संगणनाचे केंद्र बेंगळूरुच्या आयआयएस्सीत, संवादाचे आयआयटी मद्रासमध्ये, संवेदकांचे आयआयटी मुंबईत आणि साहित्य व उपकरणांचे आयआयटी दिल्लीत आहे. उपग्रहाद्वारे २,००० किलोमीटरवर क्वांटम किल्ली पाठवणे हे मिशनचे एक उद्दिष्ट आहे. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल असा १०० किलोमीटरहून लांबचा फायबर दुवा चालवून दाखवला आहे. योगायोग म्हणजे, या क्षेत्राचा पाया घालणारा बेनेट आणि ब्रासार्ड यांचा शोधनिबंध डिसेंबर १९८४ मध्ये बेंगळूरुच्याच परिषदेत सादर झाला होता.

प्रकाशकणांवरून किल्ली पाठवण्याचे हे तंत्र बातमीला आकर्षक आहे, पण त्याला खास उपकरणे लागतात आणि पलीकडे बसलेला खरा कोण, हे ते स्वतःहून सांगत नाही. अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची सायबर सुरक्षा संस्था या दोघींचाही कल म्हणून नव्या गणिताकडे आहे. भारत दोन्ही घोड्यांवर पैसे लावतो आहे. काही मोजक्या संरक्षण किंवा बँकिंग दुव्यांसाठी ते ठीकही असेल, पण लाखो मीटर आणि कंट्रोलर यांना गणितच वाचवू शकेल.

वेळापत्रकाच्या बाबतीत ब्रिटन सर्वांत स्पष्ट आहे. २०२८ पर्यंत कुठे काय वापरात आहे याचा शोध, २०३१ पर्यंत महत्त्वाची कामे, २०३५ पर्यंत सगळे. अमेरिकेच्या निस्टने मसुद्यात २०३० नंतर २०४८ बिटचे आरएसए टाळायला आणि २०३५ नंतर बंदच करायला सुचवले आहे. भारतात 'सर्ट-इन'ने जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत सॉफ्टवेअरप्रमाणे क्रिप्टोग्राफीचीही यादी ठेवण्याची पद्धत सांगितली. कोणत्या यंत्रात कोणते कुलूप, कोणत्या कंपनीचे, किल्ली बदलता येते की नाही. ऐकायला कारकुनी वाटणारे हे कामच सर्वांत किचकट आहे. अनेक ठिकाणी उपकरण बसवणारा कंत्राटदार कधीच बदललेला असतो. यंदा निघणाऱ्या एखाद्या पाणीयोजनेच्या निविदेत 'फर्मवेअर तपासण्याची किल्ली पुढे बदलता आली पाहिजे' ही एक अट घातली नाही, तर त्या निविदेतली यंत्रे २०४० पर्यंत तशीच चालू शकतात.

सामान्यांनी काय करायचे?

फार काही नाही. ब्राउझर आणि मेसेजिंग ॲप अद्ययावत ठेवली की नवी कुलपे आपोआप येतात. ज्या जुन्या फोनला सुरक्षा अपडेट मिळणेच थांबले आहे, त्यावरून बँकेचे व्यवहार टाळावेत. तो सल्ला क्वांटम संगणक नसता तरी लागू होता. 'क्वांटम-प्रूफ पासवर्ड' देण्याच्या नावाखाली पैसे मागणारे ॲप दिसले, तर ते डाउनलोड करू नये.