घर नव्हे, माणसं ऊबदार!

मैत्रिणींनो, जपानमधली जुनी घरं लाकडाची, सरकती दारं कागदाची. मग कडाक्याच्या थंडीत तिथली माणसं करतात तरी काय? सगळं घर तापवत बसत नाहीत. अंगाला तेवढी ऊब घेतात. त्यासाठी असतं ‘कोतात्सु’.

बुटकं टेबल, त्यावरून चारी बाजूंनी जमिनीवर लोळणारी जाड दुलई, दुलईवर फळी आणि टेबलाखाली विजेचा हीटर. पाय आत सारले, की झालं! जेवण, मुलांचा अभ्यास, संत्री सोलत गप्पा, सारं तिथंच.

पूर्वी आत कोळशाचे निखारे असत. बंद खोलीत त्यांचा विषारी वायू साचला, तर जिवावर बेतायचं. १९५७ साली तोशिबा कंपनीनं टेबलालाच खालून हीटर बसवलेलं कोतात्सु विक्रीला आणलं. मग हळूहळू निखारे मागे पडले.

पण एक सांभाळायचं बरं का! उबेत डोळा लागतोच. तिथंच रात्र काढली तर घशाला कोरड पडते, आणि मंद आचेनंही कातडी भाजते. झोपेत कळतसुद्धा नाही. म्हणून पेंगणाऱ्याला उठवून अंथरुणावर धाडायचं.

आणि आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवता ना? दारं-खिडक्या गच्च लावू नका, अन् झोपण्याआधी शेगडी बाहेर काढायला विसरू नका हं!