आधी निखारे, मग सळई

उधना–जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं सुरतच्या डिंडोलीत राहतात. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजणाऱ्यांना आगीची पारख काय शिकवायची? फक्त एक: वांग्याला चालणारी ज्वाळा सळईवरच्या कोंबडीला चालत नाही. बाहेरून कोळसा, आतून कच्ची! बाभळीच्या लाकडाचे राख धरलेले निखारे झाले की ते कोंबडीच्या बाजूला ओढावेत. थेट खाली ठेवले तर चरबी टपकून भडका उडतो. कोंबडी घट्ट बांधून सतत फिरवावी. मांडीच्या जाड भागात ७४ अंश सेल्सिअस भरले की उतरवावी. सळई म्हणून कण्हेरीची फांदी कधीच नको, ती विषारी. आणि हा बेत सहलीत करणार असाल तर लक्षात ठेवा: डांगच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं हा १९२७च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे.