मुक्या सोबत्याचा हिवाळा

मराठी माणसाला ‘गिनीपिग’ हा शब्द बहुधा प्रयोगशाळेमुळे परिचित असतो. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो गिनीपिग, असा त्याचा लाक्षणिक अर्थही भाषेत रुळला आहे. ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांत मात्र हाच लहानसा प्राणी असंख्य मुलांचा सोबती आहे. त्याला शेपूट नसते, चावण्याची सवय नसते, आणि गवताची पिशवी वाजली की तो आनंदाने शीळ घालतो. लंडन, लेस्टर यांसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या अनेक भारतीय कुटुंबांनाही तो सोयीचा वाटतो. मांजर किंवा कुत्रा पाळला की त्याच्या आहाराचा प्रश्न शाकाहारी घरापुढे उभा राहतो. गिनीपिग मात्र जन्मभर गवत आणि भाजीपाला खाऊन राहतो. त्यामुळे मुलांचा हट्ट आणि घराचा आचार यांचा मेळ सहज बसतो.

अडचण सुरू होते ती हिवाळ्यात. ब्रिटनमध्ये या प्राण्यांसाठी घरामागील बागेत लाकडी खुराडे ठेवण्याची जुनी रीत आहे. मे-जूनमध्ये ते दृश्य मनोहर असते. परंतु डिसेंबरमध्ये त्याच खुराड्यात रात्री पारा शून्याजवळ येतो, फळ्यांना ओल चढते आणि पाण्याच्या बाटलीची नळी गोठते. साधारण किलोभर वजनाचा हा जीव ती रात्र कशी काढतो, याचा विचार उबदार घरात झोपलेल्या कुटुंबाने करणे अगत्याचे आहे.

चुलीजवळचा रहिवासी

या प्राण्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत आहे. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या प्रदेशांतील लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले. तेथे तो अन्नासाठी पाळला जात असे आणि आजही पाळला जातो. ही गोष्ट अहिंसक मनाला रुचणारी नाही. तरी त्या लोकांच्या पाळण्याच्या पद्धतीत ध्यानात घेण्याजोगी एक बाब आहे. क्वेचुआ भाषेत ‘कुई’ म्हटला जाणारा हा प्राणी तेथे परंपरेने घरातच, बहुधा स्वयंपाकघराच्या जमिनीवर वावरत असे. दिवसभर पेटलेल्या चुलीची ऊब, भाज्यांची देठे-पाने आणि सोबतीला स्वतःचे भाऊबंद, असे त्याचे जग होते. उंच पर्वतावरील गारठा त्या लोकांना पुरता ठाऊक होता, आणि म्हणूनच त्यांनी त्याला उघड्यावर ठेवले नाही.

सोळाव्या शतकात हा प्राणी युरोपात आला. पुढे केव्हातरी त्याचे बिऱ्हाड चुलीजवळून बागेत गेले. ‘हा डोंगरातला प्राणी, याला थंडीचे काय?’ असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. त्याचे रानटी नातेवाईक उंच गवतात, खडकांच्या कपारीत निवारा शोधतात, वारा फिरला की जागा बदलतात. बंद खुराड्यातील प्राण्याला असा पर्याय नसतो. तो स्वतः बीळ खोदत नाही आणि हिवाळी झोपही घेत नाही. माणसाने दिलेल्या चार फळ्या हाच त्याचा सारा निवारा.

थंडी नेमकी कशी बाधते

गिनीपिगसाठी साधारण 17 ते 20 अंश सेल्सिअस तापमान सुखाचे मानले जाते. 15 अंशांच्या खाली त्याला थंडी बाधू लागते आणि 26 अंशांच्या वर उष्णतेचा धोका वाढतो. लहान शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे अंगातील ऊब लवकर निघून जाते. कान आणि पाय जवळजवळ उघडेच असतात. केस कोरडे असतील तर त्यांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. तेच केस ओले झाले की ही सोय नाहीशी होते.

म्हणून नुसत्या गारठ्यापेक्षा ओल आणि झोताने येणारा वारा यांची भीती अधिक. कोरड्या, वारा अडवलेल्या जागेतील पाच अंश आणि ओल्या अंथरुणावरील पाच अंश यांत मोठे अंतर आहे. दमट, कोंदट जागेत श्वसनमार्गाचे जंतुसंसर्ग बळावतात आणि या प्राण्यात न्यूमोनिया झपाट्याने जीवघेणा ठरतो. उपचारातही एक विशेष अडचण आहे. पेनिसिलीन वर्गातील औषधे तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतूंचा तोल ढळतो आणि औषधानेच तो दगावू शकतो. त्यामुळे घरातील उरलेल्या प्रतिजैविकाचा थेंबही त्याला देऊ नये.

कोरडे घर, खेळती हवा

ज्यांना खुराडे बाहेर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी तयारी ऑक्टोबरमध्येच करावी. खुराडे जमिनीपासून वीतभर तरी उंच असावे. पाय नसतील तर खाली विटा ठेवाव्यात, म्हणजे जमिनीची ओल फळीत शिरत नाही. दर्शनी बाजू वाऱ्याकडे नसावी, भिंतीच्या आडोशाला असावी. छप्पर गळते का हे पावसाळी दिवशी आतून हात फिरवून पाहावे.

रात्री ताडपत्री आणि तिच्याखाली जुनी गोधडी किंवा ब्लँकेट पांघरल्यास उपयोग होतो. परंतु चारही बाजू घट्ट बंद करण्याची चूक अनेकजण प्रेमापोटी करतात. आत श्वासाची वाफ आणि मूत्रातून निघणारा अमोनिया कोंडतो. सकाळी फळ्यांवर दवाचे थेंब दिसले तर हवा कोंडते आहे असे समजावे. वरच्या बाजूस हवेला वाट ठेवावी, खालून वारा येऊ देऊ नये, हा साधा नियम. सकाळी पांघरूण काढून उजेड आत येऊ द्यावा.

तळाशी वर्तमानपत्राचे अनेक थर, त्यावर गवताची जाड गादी आणि झोपण्याच्या कप्प्यात गवत इतके की प्राणी त्यात पूर्ण दडून बसेल. गव्हाचे काड पोकळ असल्याने ऊब धरते, पण त्याची टोके डोळ्याला इजा करतात. शिवाय त्यात पोषण फारसे नसते. मऊ वाळलेले गवत हेच अंथरूण आणि तेच अन्न असणे उत्तम. ओला भाग रोज काढावा. उन्हाळ्यात एका दिवसाचा आळस खपून जातो, हिवाळ्यात खपत नाही.

कृत्रिम उबेसाठी मायक्रोवेव्हमध्ये तापवून कापडात गुंडाळण्याची चकती मिळते आणि ती काही तास ऊब देते. रबरी गरम पाण्याची पिशवी मात्र टाळावी. ती कुरतडली गेली की सारे अंथरूण भिजते. विजेच्या तारा तर दातांच्या टप्प्यात येताच कामा नयेत. चकती एका कोपऱ्यात ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा प्राण्याला दूर सरकता येते.

गवताची ऊब, पानांतील सत्त्व

गिनीपिगच्या पोटात एक छोटी शेगडीच असते असे म्हटले तरी चालेल. गवतातील चोथा त्याच्या आंधळ्या आतड्यात आंबतो आणि त्या क्रियेतून शरीराला शक्ती आणि ऊब दोन्ही मिळतात. थंडीत ऊब टिकवण्यासाठी त्याला जास्त खावे लागते. गवत रात्रंदिवस समोर असलेच पाहिजे. तो अर्धा दिवस जरी उपाशी राहिला, तरी आतड्याची हालचाल मंदावून प्राणावर बेतते.

दुसरी गोष्ट ‘क’ जीवनसत्त्वाची. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही हे जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. 1907 मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी याच प्राण्यात स्कर्व्ही रोग दाखवून दिला आणि त्यातून पुढे ‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. हिवाळ्यात ताजे हिरवे गवत मिळेनासे होते, वाळलेल्या गवतात हे सत्त्व फारसे उरत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत प्राण्याची प्रतिकारशक्ती पणाला लागते. म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड आणि थोडी हिरवी पाने द्यावीत. फ्रीजमधून काढलेली भाजी आधी घरातील हवेत ठेवावी. उघड्यावरच्या खुराड्यातील उरलेली भाजी गोठण्यापूर्वी उचलावी.

पाण्याच्या बाटल्या दोन असाव्यात. एक बाहेर, एक घरात, आणि सकाळ-संध्याकाळ अदलाबदल. बाटलीला जुना लोकरी मोजा घालण्याची युक्ती चांगली आहे, पण धातूची नळी त्याने झाकली जात नाही. प्रथम गोठते ती नळीच. बाटलीत पाणी दिसते म्हणून प्राण्याला पाणी मिळते असे गृहीत धरू नये, नळीच्या टोकाला बोट लावून खात्री करावी.

एकट्याला थंडी अधिक

हा कळपात राहणारा प्राणी आहे. दोघे-तिघे अंगाला अंग लावून झोपतात, तेव्हा प्रत्येकाचा उघडा पृष्ठभाग कमी होतो आणि ऊब वाटली जाते. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून लागू असलेल्या प्राणिरक्षण नियमांनुसार गिनीपिगला एकटे ठेवता येत नाही. सशाची सोबत मात्र पर्याय ठरत नाही. सशाच्या लाथेने इजा होते, आणि सशाला न बाधणारे काही श्वसनरोगाचे जंतू गिनीपिगला आजारी पाडतात. जोडी निवडताना एकाच लिंगाची निवडावी. अन्यथा दोन-सव्वादोन महिन्यांत पिले होतात. ती अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात खरी, पण उघड्यावरचा हिवाळा त्यांना सोसत नाही. वृद्ध, आजारी, गाभण आणि बिनकेसाच्या जातीच्या प्राण्यांनाही तो सोसत नाही.

पंधरा अंशांची रेषा

इतकी सारी तयारी करूनही एक सत्य उरते. जानेवारीत इंग्लंडमध्ये दिवसाचे तापमानही बहुधा दहा अंशांच्या खालीच असते. पांघरुणे आणि गवत यांनी खुराडे कोरडे राहते, वारा अडतो, पण पंधरा अंशांची रेषा महिनोन्महिने गाठता येत नाही. म्हणून हिवाळ्यापुरते बिऱ्हाड घरात हलवणे हाच खरा उपाय. अँडीजमधील लोक जे करीत आले, ते हेच.

त्यासाठी मोठी जागा लागत नाही. जिन्याखालची मोकळी जागा, कमी वापरातील खोली किंवा मोटार उभी न राहणारे गॅरेज चालते. ज्या गॅरेजमध्ये मोटार सुरू होते तेथे धुराचा धोका असतो. हीटरच्या अगदी जवळ ठेवू नये. आज घरात, उद्या अंगणात असे हेलकावे देऊ नयेत, कारण तापमानातील अचानक बदल त्याला मानवत नाही. घरात आणायचे तर कडाक्याच्या थंडीआधी आणावे आणि वसंतातील रात्री उबदार झाल्यावरच बाहेर न्यावे. ज्यांना हे जमत नसेल, त्यांनी निदान खुराड्याच्या आत, प्राण्याच्या उंचीवर, कमाल-किमान तापमान दाखवणारा तापमापक लावावा. अंदाजापेक्षा आकडा प्रामाणिक असतो.

अंधारात विसरलेला जीव

हिवाळ्याचा आणखी एक धोका माणसाच्या बाजूचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुले शाळेतून येतात तेव्हा बागेत काळोख असतो, पाऊस असतो. उन्हाळ्यात दहा वेळा होणारी भेट आता घाईच्या एका फेरीवर येते. त्यातच हा प्राणी स्वभावतः दुखणे लपवतो, कारण रानात दुबळा दिसणारा प्राणी प्रथम शिकार होतो. आजार दिसू लागतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो.

यावर उपाय नेमस्त दिनक्रमाचा. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत या सोबत्याची पाहणी त्याच वेळेस जोडून घेता येते. घरी असलेल्या आजी-आजोबांनी दुपारच्या उजेडात एक फेरी मारावी. मुलांनी दर रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून वहीत लिहावे. नऊशे ग्रॅमच्या प्राण्याचे नव्वद ग्रॅम घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटले. केस फुलवून कुबड काढून बसणे, खाणे सोडणे, लेंड्या बारीक किंवा कमी होणे, नाक-डोळ्यांभोवती खपली, श्वासाला आवाज यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. अंग गार लागत असेल तर टॉवेलात गुंडाळून छातीशी धरावे, हळूहळू ऊब द्यावी, हीटरवर ठेवू नये, आणि लगेच निघावे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या प्राणिकल्याण कायद्याने योग्य निवारा, आहार, सोबत आणि आजारापासून संरक्षण देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे.

महाराष्ट्रातही आता काही घरांतील गच्च्यांवर आणि बाल्कनीत हे प्राणी दिसतात. येथे खरा शत्रू वैशाखातील ऊन. तरीही पुण्यात हिवाळ्यातील काही रात्री पारा दहा अंशांखाली जातो, निफाडच्या परिसरात तो कधी पाचाच्याही खाली उतरतो, आणि दुपारी पुन्हा ऊन तापते. दिवस-रात्रीतील हे अंतरच येथे त्रासदायक. रात्रीपुरता पिंजरा घरात घेतला की ते पुष्कळ कमी होते.

नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी असा सोबती आणण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी आधी घरात त्याच्यासाठी जागा मोजावी. ती असेल तर जोडी अवश्य आणावी. नसेल तर निदान वसंत ऋतूपर्यंत थांबावे, आणि पुढच्या हिवाळ्याची व्यवस्था ठरल्यावरच त्यांना घरी आणावे.