व्हिडिओ चित्रीकरणात प्रकाशाचे गणित

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांना हार घालतात. हा क्षण पुन्हा येत नाही. मात्र घरच्या कॅमेऱ्यातील चित्रीकरणात नेमक्या याच वेळी चेहरे आधी काळवंडलेले दिसतात आणि मग डोळ्यांदेखत उजळत जातात. कॅमेरा बिघडलेला नसतो. तो 'ऑटो'वर ठेवलेला असतो.

स्वयंचलित पद्धतीत कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो आणि तो मध्यम करड्या छटेइतका राखू पाहतो. चौकटीत पांढराशुभ्र अंतरपाट आला की त्याला उजेड जास्त वाटतो व तो चित्र गडद करतो. कापड हटताच हिशेब बदलतो. छायाचित्रात ही चूक एका चित्रापुरती राहते. व्हिडिओत तो बदल घडताना दिसतो.

उजेडाचे प्रमाण, म्हणजेच एक्स्पोजर, तीन गोष्टींवर ठरते: भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर), शटरचा वेग आणि आयएसओ. छिद्र एफ २.८ वरून एफ ४ केले की प्रकाश निम्मा होतो. आयएसओ ४०० वरून ८०० केला की चित्र दुप्पट उजळते, पण त्यासोबत दाणेदारपणाही वाढतो.

व्हिडिओत शटरला फारसे स्वातंत्र्य नसते. सेकंदाला २५ चौकटी टिपताना शटर १/५० सेकंद ठेवावे, असा संकेत आहे. त्यामुळे हालचाल नैसर्गिक भासते; वेग फार वाढवला तर ती तुटक दिसते. भारतात याला आणखी एक कारण आहे. येथील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटचा आणि काही एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/५० किंवा १/१०० सेकंदात हे चढउतार पूर्ण सामावतात. १/६० ठेवल्यास मात्र चित्र लुकलुकते किंवा त्यावर पट्टे सरकतात. म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत 'पाल' अथवा ५० हर्ट्झ हा पर्याय निवडणे हिताचे.

भर उन्हात अडचण उलटी असते. आयएसओ १०० व शटर १/५० असताना छिद्र एफ २२ पर्यंत लहान करावे लागते आणि चित्राची स्पष्टता घटते. अशा वेळी भिंगावर एनडी फिल्टर, म्हणजे करडी काच, लावतात. एनडी ८ फिल्टर प्रकाश एक-अष्टमांशावर आणतो, त्यामुळे एफ ८ वर काम भागते.

मंगल कार्यालयात पुढील क्रम उपयोगी ठरतो. कॅमेरा 'मॅन्युअल'वर घेऊन शटर १/५० करावे. छिद्र शक्य तितके मोठे ठेवावे आणि उरलेली तूट आयएसओने भरून काढावी. मोजमाप वधूवरांच्या चेहऱ्यांवर घ्यावे, अंतरपाटावर किंवा मागच्या रोषणाईवर नव्हे. 'झेब्रा'ची सोय असल्यास अतिउजळ भागांवर तिरके पट्टे दिसतात. ते चेहऱ्यांवर आले तर उजेड कमी करावा, कारण पार पांढरा पडलेला भाग नंतर संगणकावरही परत मिळत नाही. मॅन्युअलची सोय नसलेल्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर लॉक वापरावे. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की ते होते.

ही जुळवाजुळव मुहूर्ताच्या आधी, त्याच दिव्यांखाली करून ठेवावी. अक्षता पडू लागल्यावर मेनू शोधण्यास वेळ उरत नाही.