घोडीचा माज, गाभणपण व वीण : ओळखण्याच्या खुणा

गाय किंवा म्हैस माजावर आली आहे कीं नाहीं, ती गाभण राहिली कीं फिरली, हें शेतकऱ्याच्या घरांतील लहान मूलही सांगूं शकतें. घोडीविषयीं मात्र अशी माहिती फारच थोड्यांना असते. ह्याचें कारण उघड आहे. गाय-म्हैस घरोघर, घोडी एखाद्याच्याच दावणीस. तथापि घोडी पाळणारे अजून नाहींसे झालेले नाहींत. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोडा धनगर मेंढपाळांनीं बिऱ्हाडाचें ओझें वाहण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत, नांदेड जिल्ह्यांत माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंत, तसेंच अकलूजच्या घोडेबाजारांत चांगल्या घोडीस आजही चांगली किंमत येते. गाभण म्हणून घेतलेली घोडी रिकामी निघाली म्हणजे घेणाऱ्याचें वर्ष फुकट जातें. आणि रिकामी समजून कामास जुंपलेली घोडी गाभण असली म्हणजे शिंगरूं हातचें जातें.

जे गाईवरून घोडीची परीक्षा करूं जातात ते हटकून फसतात. प्रस्तुत लेखकानेंही असेंच फसून एक शिंगरूं गमाविलें. ती हकीकत पुढें योग्य स्थळीं येईलच. दुसऱ्या कोणावर तसा प्रसंग येऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला आहे.

माजाचीं लक्षणें

गाईचा माज सामान्यतः बारा ते अठरा तास टिकतो. घोडीचा पांच ते सात दिवस, आणि कांहीं घोड्यांचा त्याहूनही कमी-अधिक. माज फिरून येण्याचें चक्र सुमारें एकवीस-बावीस दिवसांचें असतें. शिवाय गाय बारमहा माजावर येते, तसें घोडीचें नाहीं. दिवस मोठा होऊं लागला म्हणजे घोडीचा माज नियमित होतो व दिवस लहान झाला म्हणजे तो मंदावतो. थंड मुलखांत हा फरक फार ठळक असतो. आपल्याकडे दिवसमानांत तितकें अंतर पडत नसल्यामुळें चांगली पोसलेली घोडी वर्षांतील बरेच महिने माजावर येते. तरी हंगामाच्या आरंभींचा माज कधीं लांबलेला, कधीं अर्धवट असा अनियमित असतो, व त्या वेळीं फळविलेली घोडी पुष्कळदां गाभण रहात नाहीं.

गाय माजावर आली म्हणजे हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते, तिच्या निरणांतून काचेसारखा सोट लोंबतो. घोडींत ह्यांपैकीं कांहींच पाहूं नये. ती एकटी बांधलेली असली तर तिचा माज येऊन गेलेलाही कळत नाहीं. तिची खरी परीक्षा घोडा दाखवूनच होते. मध्यें छातीइतकी भिंत किंवा भक्कम फळ्यांचें कुंपण ठेवून पलीकडून वळू घोडा आणावा. घोडी माजावर असेल तर ती त्याच्याकडे सरकते, शेपूट वर उचलून एका बाजूस धरते, मागचे पाय फांकून किंचित् बसल्यासारखी होते, थोडें थोडें मूत्र टाकते, आणि निरणाच्या कडांची उघडझाप होऊन आंतील तांबडा भाग पुन्हां पुन्हां दिसतो. माजावर नसेल तर ती कान मागें पाडते, किंचाळते, शेपूट आपटते व लाथ झाडते. एका दिवसाच्या परीक्षेवर विसंबूं नये. हंगामांत एक दिवसाआड घोडा दाखवावा. शिंगरूं पायाशीं असलेली घोडी त्याच्या काळजीनें माज लपविते, तेव्हां तिचें शिंगरूं तिच्या नजरेसमोर एखाद्या माणसानें धरून ठेवावें. घोडी मुळींच खूण देत नसेल तर पशुवैद्याकडून तपासणी करवावी.

घोडीचें बीज माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधीं सुटतें, व सुटल्यावर तें फार वेळ टिकत नाहीं. घोड्याचें वीर्य मात्र दोन दिवसपर्यंत कार्यक्षम राहतें. म्हणून माजाच्या पहिल्याच दिवशीं घाई करून फळविण्यांत लाभ नाहीं. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, घोडी नकार देईपर्यंत फळवावी. ज्यास सोय असेल त्यानें पशुवैद्याकडून बीजाची वाढ पाहवून घेऊन एकदांच योग्य वेळीं फळविणें अधिक चांगलें.

व्याल्यानंतरचा माज

घोडी व्याल्यावर साधारणतः सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हां माजावर येते. हा माज साधला तर दरसाल शिंगरूं मिळूं शकतें, म्हणून अनुभवी लोक ह्याची वाट पाहतात. परंतु वीण अवघड गेली असेल, वार अडकली असेल किंवा निरणांतून दुर्गंधी स्राव येत असेल, तर हा माज सोडून द्यावा व पुढील माजाची वाट पहावी. गर्भाशय पुरतें सांवरलें नसतां फळविलेल्या घोडीचा गर्भ बहुधा टिकत नाहीं.

गाभणपणाचीं लक्षणें

फळविल्यापासून सोळाव्या दिवसापासून बाविसाव्या दिवसापर्यंत घोडीस पुन्हां घोडा दाखवावा. तिनें त्यास जवळ येऊं दिलें नाहीं तर ती गाभण असण्याचा संभव आहे. परंतु हा केवळ संभव होय. कांहीं घोड्या गाभण नसतांही माजावर येत नाहींत, तर कांहीं गाभण असूनही माजाच्या खुणा दाखवितात. अशा घोडीस माजावर समजून पुन्हां घोडा दिला तर असलेला गर्भही जाण्याची भीति असते. म्हणून केवळ वागणुकीवरून निर्णय करूं नये.

सर्वांत खात्रीची परीक्षा अल्ट्रासाऊंड यंत्राची होय. फळविल्यापासून चौदाव्या ते सोळाव्या दिवशीं पशुवैद्य ह्या यंत्रानें गर्भ पाहूं शकतो. ही परीक्षा लवकर करण्यास एक विशेष कारण आहे. घोडीस जुळें मानवत नाहीं. दोन गर्भ राहिले तर बहुतेक वेळां ते पुढें दोन्ही पडतात, आणि ते शेवटल्या महिन्यांत पडल्यास घोडीचाही जीव धोक्यांत येतो. सोळाव्या दिवसापर्यंत दोन गर्भ दिसले तर पशुवैद्य त्यांतील एक दाबून नाहींसा करूं शकतो. पुढें तें कठीण होतें. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हां तपासणी केल्यास गर्भाच्या हृदयाची धडधड दिसते. यंत्र नसेल तेथें अनुभवी पशुवैद्य महिन्यानंतर गुदमार्गांत हात घालून गर्भ पारखतो. हें काम घरच्या माणसानें कदापि करूं नये. घोडीचें आंतडें नाजूक असतें व तें फाटल्यास घोडी दगावते.

रक्ताचीही परीक्षा आहे. गाभण घोडीच्या रक्तांत सुमारें चाळिसाव्या दिवसापासून एकशेंविसाव्या दिवसापर्यंत एक विशेष द्रव्य असतें, हें 1930 सालीं अमेरिकेंत कोल व हार्ट ह्या संशोधकांनीं दाखवून दिलें. परंतु हें द्रव्य एकदां उत्पन्न झाल्यावर मध्यंतरीं गर्भ मेला तरी कांहीं काळ रक्तांत राहतें, हें ध्यानांत ठेवावें. विकत घेतांना कोणी रक्ताचा जुना दाखला पुढें केला तर त्यावर भिस्त न ठेवतां नवी तपासणी करवावी.

आतां बाहेरून दिसणाऱ्या खुणा. पोटाचा आकार सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कांहींच सांगत नाहीं. पुष्कळ वेतें झालेल्या घोडीचें पोट रिकामेपणींही लोंबतें, व निकस कडबा खाणाऱ्या घोडीचें पोट नुसत्या चाऱ्यानेंच सुटतें. उलट पहिलारू घोडी नऊ महिन्यांचीही सडपातळ दिसते. सातव्या-आठव्या महिन्यानंतर सकाळीं गार पाणी पाजून कुशीच्या खालच्या बाजूस लक्ष दिलें तर गर्भाची हालचाल कधीं कधीं दिसते. ती दिसली तर शंका नाहीं. न दिसली तर मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं.

दिवसांचा हिशेब

घोडी अकरा महिने वागविते असें आपण म्हणतों, पण ते महिने कोणते हें पहात नाहीं. गर्भकाळ सरासरी तीनशें चाळीस दिवसांचा. तीनशें वीस ते तीनशें पासष्ट दिवसपर्यंतचा फरक स्वाभाविक मानतात. चांद्रमासांनीं अकरा महिने मोजले तर ते तीनशें पंचवीस दिवसच भरतात. म्हणजे हनुमानजयंतीस फळलेली घोडी होळीपौर्णिमेस व्यावी असा हिशेब करणारा पंधरा दिवस आधींच घाबरा होतो. वस्तुतः ती पुढील गुढीपाडव्याच्या आसपास विणार. मध्यें अधिकमास आला तर तीच घोडी महाशिवरात्रीच्या सुमारास व्यावयाची. ह्यास्तव तिथीवर न जातां तारीख लिहून दिवसच मोजावे. तीनशें विसाव्या दिवसापूर्वीं झालेलें शिंगरूं बहुधा अपुरें असतें व त्यास तत्काळ उपचार लागतात.

विण्याचीं लक्षणें

विण्यापूर्वीं तीन-चार आठवडे कास भरूं लागते. शेवटल्या आठवड्यांत शेपटाच्या बुडाजवळील स्नायू ढिले पडून दोहों बाजूंस खळगे दिसतात व निरण लांब आणि सैल होतें. नंतर सडांच्या टोकांवर मेणासारखे पिंवळट थेंब गोठतात. ह्यानंतर बहुतेक घोड्या एक ते चार दिवसांत वितात. तथापि कांहीं घोड्यांच्या सडांवर मेण येतच नाहीं. थेंबभर दूध काढून पाहिल्यास तें पाण्यासारखें असावयाचें तें घट्ट व पांढरें होत जातें; त्यांतील चुन्याचें प्रमाणही वाढतें, व तें पाण्याचा जडपणा मोजण्याच्या पट्टीनें तपासतां येतें.

येथें पूर्वीं उल्लेखिलेली हकीकत सांगणें अवश्य आहे. आमच्या घरच्या घोडीच्या सडांतून विण्यापूर्वीं आठ दिवस दूध ठिबकत होतें. घोडी दुधाळ निघणार म्हणून आम्ही सर्व आनंदांत होतों. घरांतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं ‘हें बरें नव्हे’ असें म्हटलें, तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. वीण सुरळीत झाली, शिंगरूं उठलें, प्यालें. तिसऱ्या दिवशीं त्याचे गुडघे सुजले, अंग तापलें, आणि पांचव्या दिवशीं तें गेलें. जें दूध जमिनीवर ठिबकलें तो सगळा चीक होता, हें पशुवैद्यानें सांगितल्यावर कळलें. शिंगराच्या अंगांत जन्मतः रोगप्रतिकारशक्ति नसते. ती आईच्या चिकांतूनच येते, आणि तीही पहिल्या दिवसापुरतीच. अठरा ते चोवीस तासांनंतर शिंगराचें आंतडें ती शोषूं शकत नाहीं. म्हणून एक दिवसाहून अधिक काळ दूध ठिबकूं लागलें तर तो शुभशकुन न समजतां पशुवैद्यास बोलवावें. पोटांत जुळें असणें किंवा वार बिघडणें हींही त्याचीं कारणें असूं शकतात. वाहणारा चीक स्वच्छ भांड्यांत धरून बर्फांत गोठवून ठेवावा किंवा दुसऱ्या घोडीचा चीक मिळवावा; आणि शिंगरूं एक दिवसाचें झाल्यावर त्याचें रक्त तपासून घ्यावें.

प्रत्यक्ष वीण

घोडी बहुधा रात्रीं, सर्वत्र सामसूम झाल्यावर विते. प्रथम ती बेचैन होते, कुशीकडे पाहते, ऊठबस करते, कोपरामागें व कुशींत घामानें भिजते. हीं लक्षणें पोटशूळासारखींच असतात. म्हणून दिवस भरले आहेत कीं नाहींत व कासेची स्थिति काय आहे हें आधींच ठाऊक असलें पाहिजे. ही अवस्था एक ते चार तास चालते. ह्या वेळीं गर्दी करूं नये, दुरून पहावें.

पाणमोट फुटली कीं घड्याळ पहावें. गाईची वीण तासन्‌तास चालली तरी चालतें. घोडीची मात्र पाणमोट फुटल्यापासून वीस-तीस मिनिटांत उरकली पाहिजे. थोड्याच वेळांत पांढुरकी पातळ पिशवी, तींत एक पाय वीतभर पुढें व दुसरा मागें, तळवे जमिनीकडे, आणि गुडघ्यांवर टेकलेलें नाक असें दिसलें म्हणजे सर्व ठीक आहे. दहा मिनिटांत कांहींच दिसलें नाहीं, एकच पाय आला किंवा तळवे आकाशाकडे असले, तर विलंब न करतां पशुवैद्यास बोलवावें व तो येईपर्यंत घोडीस उभी करून चालवावी. पांढऱ्या पिशवीऐवजीं लाल, मखमलीसारखी पिशवी पुढें आली तर वार आधींच सुटली आहे व शिंगरूं गुदमरत आहे असें समजावें. तेथें वैद्याची वाट पाहण्यास अवकाश नसतो. ती पिशवी तत्काळ फाडून घोडीच्या कळेबरोबर शिंगरूं ओढून घ्यावें.

नाळ कापूं नये. घोडी किंवा शिंगरूं उठतांना ती आपोआप तुटते. तुटलेलें टोंक पशुवैद्यानें सांगितलेल्या जंतुनाशकांत बुडवावें. पुढें एक, दोन, तीन हा हिशेब लक्षांत ठेवावा : एका तासांत शिंगरूं उभें रहावें, दोन तासांत प्यावें, तीन तासांत वार पडावी. लोंबणारी वार ओढूं नये, तिच्यास दगड बांधूं नये; घोडी तुडवील म्हणून तिची गांठ मारून ठेवावी. तीन तासांनंतर वैद्यास बोलविण्यास चुकूं नये; अडकलेल्या वारीनें ज्वर येऊन घोडीचे खूर कायमचे बिघडतात. पडलेली वार पसरून ती पुरी आहे कीं तुकडा आंत राहिला आहे हें पहावें.

वरील सर्व विवेचनांतून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, घोडीची एकच एक खूण कधींही खात्रीची नसते. चार खुणा एकत्र जुळल्या म्हणजेच निर्णय होतो. त्या जुळवावयाच्या तर त्या लिहिलेल्या पाहिजेत. तबेल्यांत एक वही टांगावी. तींत माजाचे दिवस, फळविल्याची तारीख, तपासणीचा दिवस व निष्कर्ष, कास भरूं लागल्याचा दिवस आणि वीण हीं टिपावीं. विण्यापूर्वीं चार ते सहा आठवडे धनुर्वाताची लस देवविल्याची नोंदही तींतच असावी, व पहिल्या पानावर जवळच्या पशुवैद्याचा दूरध्वनि लिहावा. आमच्या त्या घोडीच्या वेळीं अशी वही नव्हती. पुढच्या वेताला ती होती. दूध ठिबकूं लागलेल्याच दिवशीं वैद्य आले, चीक धरून ठेविला, आणि तें शिंगरूं आज दावणीस उभें आहे.