प्रकल्पातील संकटकाळ व मानवी संबंध

ठराविक मुदतीत, ठराविक खर्चात आणि ठराविक साधनांच्या साहाय्याने पूर्ण करावयाच्या एकवेळच्या कार्यास प्रकल्प असे म्हणतात. असे कार्य चालू असता अनपेक्षितपणे उद्‌भवणारी आणि त्याचे मूळ उद्दिष्टच धोक्यात आणणारी परिस्थिती म्हणजे प्रकल्पातील संकट होय. सिमेंट वेळेवर न येणे किंवा यंत्र बंद पडणे ही अडचण असते. तिच्यावरील उपाय नेहमीच्या कार्यपद्धतीत सापडतो. संकटात मात्र नेहमीची कार्यपद्धती अपुरी पडते. चार्ल्स हर्मान या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ मध्ये संकटाची तीन लक्षणे सांगितली : महत्त्वाच्या उद्दिष्टांना धोका, निर्णयास उपलब्ध असलेला अल्प अवधी आणि घटनेची अनपेक्षितता. या तिन्हींचा ताण प्रथम माणसांवर व त्यांच्या परस्परसंबंधांवर पडतो. म्हणून संकटकाळातील व्यवस्थापनात तांत्रिक उपायांइतकेच संबंधांच्या जपणुकीला महत्त्व आहे.

विकास : प्रकल्प व्यवस्थापनाचे आधुनिक तंत्र प्रथम वेळापत्रकाभोवती वाढले. निर्णायक मार्ग पद्धती १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीत, तर कार्यक्रम मूल्यमापन व परीक्षण तंत्र १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात विकसित झाले. कोणते काम कशानंतर करावे, हे या तंत्रांनी अचूक दाखविले. परंतु ते करणारी माणसे त्यांच्या आकृत्यांत केवळ साधनसामग्री म्हणून येतात. मानवी संबंधांचा विचार स्वतंत्रपणे सुरू झाला होता. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांतून आणि एल्टन मेयो प्रभृतींनी केलेल्या त्यांच्या विवरणातून, कामगारांचे गट, त्यांची परस्परनिष्ठा आणि आपली दखल घेतली जात असल्याची भावना यांचा कामावर परिणाम होतो, हा विचार रूढ झाला. पुढे हे दोन्ही प्रवाह हळूहळू एकत्र आले.

संबंधांची वर्तुळे : प्रकल्पाशी निगडित माणसांची तीन वर्तुळे कल्पिता येतात. पहिल्यात अभियंते, मुकादम, कारागीर व मजूर येतात. दुसऱ्यात कंत्राटदार, महसूल खाते, पोलीस, वीजमंडळ यांसारख्या सहभागी यंत्रणा. आणि तिसऱ्यात ज्यांची जमीन, घर वा पाणी प्रकल्पामुळे जाते किंवा ज्यांना त्याचा लाभ मिळतो ते लोक. तिसऱ्या वर्तुळातील माणसे हजेरीपटावर नसतात, त्यामुळे नियोजनात ती सहसा अखेरीस आठवतात. संकटात मात्र त्यांच्या सहकार्यावाचून पहिल्या दोन वर्तुळांचे काम पुढे सरकत नाही.

संकटाचा संबंधांवर होणारा परिणाम ठराविक क्रमाने दिसून येतो. वाईट बातमी वरिष्ठांना सांगण्यास कनिष्ठ कचरतात. अर्धवट माहितीची जागा अफवा घेतात. निर्णय एकाच टेबलाशी तुंबतात. दोष कोणाचा, ही चर्चा कामापेक्षा मोठी होते आणि जागरणाने थकलेली माणसे लहानसहान चुका करू लागतात.

व्यवस्थापनाची तत्त्वे : (१) माहिती एका अधिकृत व्यक्तीने, ठरलेल्या वेळी व लोकांच्या भाषेत द्यावी, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी ती वेळ चुकवू नये. (२) जागेवरील अधिकाऱ्यास तातडीच्या निर्णयाचे अधिकार आधीच लेखी दिलेले असावेत. (३) कामाच्या पाळ्या, जेवण व विश्रांती यांची व्यवस्था हा कल्याणकार्याचा भाग न मानता सुरक्षिततेचा भाग मानावा. (४) घटनांची नोंद त्याच वेळी ठेवावी, परंतु दोषनिश्चिती धोका टळल्यानंतर करावी. एरवी नोंदीच खोट्या होऊ लागतात. (५) आश्वासने थोडी, मोजता येण्याजोगी व मुदतीसह द्यावीत.

महाराष्ट्रातील अनुभव : पुण्याजवळील पानशेत धरण विमोचकाचे काम अपुरे असतानाच पहिल्या पाणीसाठ्याच्या वेळी १२ जुलै १९६१ रोजी फुटले. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून फुटीचा क्षण लांबविला. धरणावरील हा प्रयत्न शर्थीचा होता; तथापि पुणे शहरातील असंख्य रहिवाशांना पाणी दाराशी येईपर्यंत धोक्याची पुरेशी कल्पना नव्हती. धरणस्थळी चाललेली झुंज आणि नदीकाठची वस्ती यांना जोडणारा माहितीचा दुवा अपुरा पडल्याचे हे उदाहरण आहे.

कोयना येथे ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपात (महत्ता सु. ६.५) संकटाचे वेगळे रूप दिसले. कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली, धरणाच्या काँक्रीटला तडे गेले. ज्यांनी धरण सांभाळावयाचे, तेच कर्मचारी व त्यांची कुटुंबे आपद्‌ग्रस्त ठरली. कर्मचाऱ्याच्या कुटुंबाची काळजी घेतल्याशिवाय त्याच्याकडून कर्तव्याची अपेक्षा करता येत नाही, हा या घटनेचा बोध होय.

किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन प्रकल्प हाती घेण्यात आला. घरदुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून सहभागी करून घेण्यात आले. शासकीय कागद व गावकरी यांमधील अंतर कमी करण्याचा हा प्रयत्न होता.

नेवासे परिसर : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरातीरावरील नेवासे तालुक्यात या विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र आढळतात. पैठणजवळील जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्‌घाटन झाले. नाथसागर या त्याच्या जलाशयाच्या फुगवट्यात पैठण व गंगापूरबरोबरच नेवासे आणि शेवगाव या तालुक्यांतील नदीकाठची सुपीक जमीन व गावठाणे गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासंबंधीचा राज्याचा स्वतंत्र अधिनियम मात्र १९७६ चा आहे; त्याची जागा पुढे १९८६ व १९९९ च्या अधिनियमांनी घेतली. म्हणजे धरणाची भिंत उभी राहत असताना तिच्यामुळे उठणाऱ्या माणसांसाठी अशा कायद्याचा आधार नव्हता.

याच तालुक्यातील बरीच शेती राहुरी तालुक्यातील मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर भिजते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार तुटीच्या वर्षी ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व मान्य केले. २०१५, २०१८ व २०२३ या वर्षी मुळेसह वरच्या धरणांतून असे पाणी सोडण्यात आले. हे काम अल्प मुदतीचा प्रकल्पच असते : कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढणे, नदीकाठच्या वीजपंपांचा पुरवठा काही काळ बंद ठेवणे, बंदोबस्त लावणे आणि पोहोचलेल्या पाण्याचे मोजमाप करणे. खालच्या मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची निकड असते. वरच्या शेतकऱ्यापुढे उभ्या उसाचा व रब्बीच्या आवर्तनाचा प्रश्न असतो. दोघांचीही गरज खरी असते. ज्यांच्या मागील पिढीची जमीन जलाशयाखाली गेली, त्यांच्याच भागातील नदीपात्रातून त्या जलाशयासाठी पाणी जात असता बंदोबस्ताने प्रवाह सुरक्षित राहतो. विश्वास निर्माण होत नाही. आवर्तनाच्या तारखा व पाण्याचे आकडे गावाला आधी कळले आणि ते पुढे खरे ठरले, तरच संघर्षाची धार कमी होते.

मूल्यमापन : संवादाने सर्व हितविरोध मिटतात, असे मानणे चूक ठरेल. पाणी अपुरे असेल, तर कोणास तरी कमी मिळणारच; जमीन बुडणार असेल, तर कोणास तरी उठावे लागणारच. संबंधांचे व्यवस्थापन न्याय्य मोबदल्याची किंवा योग्य अभिकल्पाची जागा घेऊ शकत नाही. तसा उपयोग केल्यास ते केवळ समजूत घालण्याचे साधन बनते. संकटाच्या घटकेस विश्वास नव्याने उभारता येत नाही. शांततेच्या काळात पाळलेल्या वचनांतून जो साठलेला असतो, तोच तेव्हा उपयोगी पडतो. यासाठी प्रभावित लोकांची नोंद, त्यांच्याशी नियमित बोलणी आणि दिलेल्या आश्वासनांचा हिशेब ही कामे वेळापत्रकात भूसंपादन व पायाखुदाई यांच्याबरोबरीने दाखविणे आवश्यक ठरते.